‘येतो’ची दोरी

एका गावात एक दोर वळणारी बाई राहत होती. गावापासून सहा दिवसांच्या वाटेवर एक उंच शिखर होतं. शिखरावर तळं होतं आणि त्यातून गावाची नदी निघायची. एका वर्षी दरड कोसळली, तळ्याचं तोंड बुजलं आणि नदी आटली.

तीन तगडे गडी कुदळी घेऊन निघाले. नदी आली नाही आणि तेही आले नाहीत. त्यांतला एक दोरवालीचा धाकटा भाऊ होता.

पुढच्या वर्षी विहिरींनीही तळ दाखवला. पाटलांनी सभा बोलावली. “कुणी वर जाणार आहे, की गाव सोडायचं?”

“मी जाते,” दोरवाली म्हणाली. “पैलवान आणि सुतार बरोबर द्या. बेत मात्र मी आखणार.”

लोक हसले. हसायला काही पाणी लागत नाही!

पैलवानानं तासाभरात सामान बांधलं. सहा दिवसांच्या दशम्या, कुदळी आणि दोर. “झालं की, अक्का!”

“निघताना आईला काय म्हणशील?”

“येतो म्हणेन. जातो कुणी म्हणतं का?”

“मग या गाठोड्यात ‘येतो’ कुठं आहे? मला तर नुसता ‘जातो’च दिसतोय.”

पैलवान ओशाळला. मग दशम्या दुप्पट झाल्या, वर चार दिवसांच्या जास्तीच्या. म्हाताऱ्यांना विचारून वाटेतले उभे कडे मोजले. सात निघाले, म्हणून बाईनं सात दोर वळले.

“येते,” म्हणून बाईनं पाटलांचा निरोप घेतला आणि तिघं निघाले. प्रत्येक मुक्कामी परतीच्या दशम्या दगडाखाली ठेवल्या. प्रत्येक कड्यावर सुतार खुंट्या ठोकत चढला आणि दोर बांधून तसाच सोडला.

सातवा कडा चढले, तर पुढे आठवा! दरडीनं नवाच तयार केला होता.

“खालचा दोर सोडून आणतो,” पैलवान म्हणाला. “उतरायचं नंतर बघू.”

बाई वर बघत होती. कड्यावर दोराचा एक कुजका तुकडा लोंबत होता. तो पीळ तिच्याच हातचा होता; खालच्या सात कड्यांवर मात्र एकही जुना दोर दिसला नव्हता. तिचे डोळे भरून आले.

“माझ्या भावानं हेच केलं रे. खालचा दोर सोडून वर नेला, म्हणून त्यांना उतरता आलं नाही. आपले दोर ‘येतो’चे आहेत. त्यांना हात लावायचा नाही.”

तिनं तिघांच्या घोंगड्या फाडल्या आणि पीळ घालायला बसली. दोन दिवस तिघंही थंडीनं कुडकुडले, पण पोटाला होतं आणि तिसऱ्या दिवशी आठवा दोर तयार झाला.

वर तळ्याकाठी तीन गंजलेल्या कुदळी पडल्या होत्या. दरड अर्धी उकरलेली होती. बाईनं भावाची कुदळ उचलली. संध्याकाळपर्यंत शेवटचा धोंडा हलला आणि पाणी गर्जत खाली सुटलं. पैलवान लहान पोरासारखा नाचला.

सकाळी असं धुकं उतरलं की स्वतःचा हात दिसेना. पण हाताला दोर लागत होता. आठही कडे ते दोर चाचपत उतरले.

पाणी त्यांच्या आधीच गावात पोचलं होतं. सगळं गाव नदीत उभं होतं. बाई गुडघाभर पाण्यात शिरली, भावाची कुदळ धुतली आणि पाटलांना एवढंच म्हणाली, “येते म्हटलं होतं. आले.”

त्या गावात अजूनही कुणी “येतो” म्हणालं, की घरचे विचारतात, “कशानं?” आणि निघणाऱ्याला आपली दोरी दाखवावी लागते.

तात्पर्य: शिखर गाठायचा बेत घरी परत येईपर्यंतचा असावा.