बिनमिठाची आमटी

मंडळी, पहिल्या भुरक्याला तुमचे चेहरे पडले ते मी पाहिलं. आमटीत मीठ नाही. विसरून राहिलेलं नाही, घातलेलंच नाही. पितृपंधरवड्यात आमच्या वाकेवाडीत कुणाच्याही घरी जेवलात तरी हेच मिळेल. पानात डावीकडे मीठ वाढलंय, ते घ्या, पण तक्रार करू नका. तो मान इथं फक्त गेलेल्यांचा आहे.

फार पूर्वी या गावात म्हाकोजी नावाचा शेतकरी होता. माणूस सज्जन, पण जिभेचा खवट. बायको चिमाबाई रांधण्यात पंचक्रोशीत नावाजलेली, तरी चाळीस वर्षांत पहिल्या घासाला ‘मीठ कमी आहे’ म्हटल्याशिवाय त्यानं दुसरा घास घेतला नाही, असं सांगतात. चिमाबाई ऐकून घ्यायची आणि वाढायची. एका दुपारी मात्र तिचं डोकं फिरलं. तिनं म्हटलं, मग उठा पानावरून. म्हाकोजी खरंच उठला, शेतावर गेला आणि बांधावरच्या आंब्याखाली बसल्या बसल्या गेला.

नवरा उपाशी गेला, तोही आपल्या शब्दानं, हे चिमाबाईच्या जिवाला लागलं. ती दहा दिवस कुणाशी बोलली नाही.

दहाव्याला मुलानं, हैबतीनं, नदीवर पिंड मांडले. शेजारी म्हाकोजीच्या आवडीचं पान वाढलं, मीठ अगदी मोजून घातलेलं. कावळा आला आणि समोरच्या बाभळीवर पाठ फिरवून बसला. हैबती म्हणाला, आईला अंतर देणार नाही. कावळा हलला नाही. म्हाकोजीच्या मेव्हण्यानं नेलेला बैल परत करायचं कबूल केलं. शेवटी शेजारच्या सुभानजीला वाटलं हे आपल्यामुळेच, आणि त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की बांध आपण दोन हात सरकवला होता. ते कुणाला माहीतही नव्हतं. बांध मागे गेला, कावळा तिथंच.

ऊन कलायला लागलं तसे भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले. तोच शिववून मोकळं व्हायचं, शास्त्राला चालतं. हे घरी चिमाबाईला कळलं. गवताच्या कावळ्याला कुठली चव, म्हणून ती तडक चुलीपुढे बसली आणि आमटीचं पातेलं घेऊन घाटावर आली. बायकांनी तेव्हा घाटावर जायची रीत नव्हती, पण तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही.

तिनं पानात आमटी वाढली आणि बाभळीकडे पाहून म्हणाली, “आवं, आमटीत मीठ न्हाई. मुद्दामच घातलं न्हाई. काय बोलायचं ते बोला, पन पानावरनं उठू नगा.”

कावळ्यानं मान वळवली. खाली आला, आमटीत चोच बुडवली आणि चिमाबाईच्या तोंडाकडे बघून असा काही ओरडला म्हणे, की भटजी दर्भ टाकून दोन पावलं मागे सरले. चिमाबाई दहा दिवसांत पहिल्यांदा हसली. “ऐकलं,” म्हणाली. मग कावळ्यानं पिंडाला चोच लावली आणि सगळं पान पोटभर खाल्लं.

आजही आमच्याकडे पितरांच्या आमटीत मीठ पडत नाही. पान छपरावर ठेवतात, कावळा ओरडला की घरातली थोरली बाई ‘ऐकलं’ म्हणते आणि मगच घरचे जेवतात. माझ्या आईनं हयातभर माझ्या बायकोच्या आमटीला नावं ठेवली. दोघींचं एक दिवसही पटलं नाही. आज कावळ्यानं जरा उशीर केला, तर बायको अंगणात उभी राहून छपराकडे बघत होती, आणि पदरानं डोळे पुसत म्हणत होती, “आत्याबाई, बोला की वो काहीतरी.”