चिमटीचा बत्तासा आणि गाडीचा निळा धूर

एक होती मुंगी. एवढीशी. तिचं नाव चिमटी. ती राहायची गॅरेजच्या भिंतीत. घरी तिची सात पिल्लं. पिल्लांनी बत्तासा कधी चाखलाच नव्हता.

एक दिवस गॅरेजात केवढी गडबड! लाल गाडीचं जुनं इंजिन खोललं होतं. पुन्हा नवंकोरं करून बसवलं होतं. नारळ फुटला, फट्! बत्तासे वाटले. मग सगळे म्हणाले, "इंजिनाला पहिलं तेल! माझ्या हातचं थोडं!"

रंगा मिस्त्रीनं ओतलं. गट गट.

मालकानं ओतलं. गट गट.

मालकाच्या मावशीनं ओतलं. गट गट गट गट!

कुणी मोजलं का? छे! शुभकार्यात कुणी मोजतं का?

चिमटीला एक बत्तासा मिळाला. पांढरा पांढरा. ओढत ओढत तिनं तो गाडीच्या मागे आणला. इतक्यात गाडी सुरू झाली.

भक् भक् भक्! निळा निळा धूर!

बत्तासा झाला काळा. चिमटीला रडूच आलं. आता पिल्लांना काय देऊ?

ती निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. गाडीकडे गेली.

"गाडी गाडी, धूर थांबव. माझा बत्तासा काळा!"

गाडी म्हणाली, "धूर माझा नाही गं. धूर इंजिनाचा. त्याला सांग. भक् भक्!"

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी इंजिनाकडे गेली.

"इंजिना इंजिना,
गाडी धूर थांबवेना.
माझा बत्तासा काळा!"

इंजिन म्हणालं, "मी नवंकोरं! मला काय होतंय? ढुब्! मिस्त्रीनं बघितलं, तर बघू. ढुब्!"

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री चहा पीत होता. फुर्र, फुर्र.

"मिस्त्रीदादा मिस्त्रीदादा,
इंजिन माझं ऐकेना.
गाडी धूर थांबवेना.
माझा बत्तासा काळा!"

मिस्त्री म्हणाला, "नव्या इंजिनाला धूर येतोच. मला शिकवतेस? मालक बोलले, तर बघू. फुर्र!"

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी मालकाकडे गेली.

"मालक मालक,
मिस्त्री इंजिन बघेना.
इंजिन माझं ऐकेना.
गाडी धूर थांबवेना.
माझा बत्तासा काळा!"

मालक म्हणाला, "हळू बोल! मिस्त्री रुसेल ना! मावशी म्हणाली, तर बोलू."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी मावशीकडे गेली.

"मावशी मावशी,
मालक मिस्त्रीला सांगेना.
मिस्त्री इंजिन बघेना.
इंजिन माझं ऐकेना.
गाडी धूर थांबवेना.
माझा बत्तासा काळा!"

मावशी म्हणाली, "अगं बाई, दृष्ट लागली गाडीला! पुढे लिंबू बांधलंय ना? त्याला विचार."

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी लिंबाकडे गेली.

"लिंबा लिंबा,
मावशी मालकाला बोलेना.
मालक मिस्त्रीला सांगेना.
मिस्त्री इंजिन बघेना.
इंजिन माझं ऐकेना.
गाडी धूर थांबवेना.
माझा बत्तासा काळा!"

लिंबू म्हणालं, "मी काय करू? मी तर टांगलेलं. गाडीला विचार!"

"पुन्हा गाडी?" चिमटी चिडली. धूर एक, आणि शहाणे सहा!

तेवढ्यात गाडी दमली. बंद पडली. चिमटी चढली वर. इंजिनात होती तेल मोजायची पट्टी. पट्टीवर एक रेघ. तेल रेघेपर्यंतच हवं. चिमटी पट्टीवरून आत उतरली. एक पाऊल, दोन पावलं, आणि चुबुक! पाय तेलात! रेघ कुठे? रेघ बुडाली खोल खोल.

"अस्सं! म्हणून ढुब् ढुब्! म्हणून निळा धूर!"

तुरुतुरु, तुरुतुरु. चिमटी आली मावशीच्या पायापाशी. आणि चावली. कडकडून!

"आई गं!"

"तेल फार झालंय! पट्टी बघा!"

मग काय?

मावशी मालकाला बोलली.
मालकानं मिस्त्रीला सांगितलं.
मिस्त्रीनं पट्टी काढून बघितली. "अरेच्चा!"
जास्तीचं तेल काढलं. बद् बद् बद्!
इंजिन म्हणालं, "हुश्श!"
गाडी सुरू झाली. भुर्र! आधी थोडा धूर. मग इवलासा. मग नाहीच!

मिस्त्री म्हणाला, "मी तेव्हाच म्हणत होतो."

मालक म्हणाला, "मीच तर सांगितलं."

लिंबू म्हणालं, "माझ्यामुळेच!"

मावशी पाय चोळत होती. तिनं चिमटीला नवा बत्तासा दिला. पांढरा पांढरा. मग हळूच तेलाचा डबा उचलला.

"आता माझ्या हातचा एकच थेंब..."

चिमटीनं बत्तासा खाली ठेवला. तोंड उघडलं. एवढंसं.

मावशीनं डबाही खाली ठेवला. पटकन!

बत्तासा गेला सात पोटांत. धूर गेला वाऱ्यावर. आणि डब्याला बसलं झाकण, घट्ट!