नवव्या पायरीवरचा दिवा

भेकड? फागू सलामे भेकड होता? हे तुमाले त्या वायरमननं सांगतलं ना? त्याले म्हना, इथं येऊन बोल. पानठेल्यावर उभं राहून पिचकाऱ्या मारता मारता मेलेल्या मानसाले भेकड म्हनायले काय जाते! म्हने, बुढा अडानी होता, नवीन दिव्याले भेला, आतमंदी घाबरून मेला. अरे, तुह्या बापानं तरी खदान पाहली काय बे? तो आज आला नाई, बरंच झालं. आला असता तं सनाच्या दिवशी माह्या हातून पाप झालं असतं.

बसा रे पोट्टेहो. बायाहो, तुमीबी पुढं सरका. खरं काय झालं ते आयका.

लय वर्सं झाली. इतकी, का तवा आपल्या करंजटोल्यात एकबी घड्याळ नव्हतं. कंपनीचा भोंगा होता, अन् भोंगा वाजल्याबिगर कोंबडेबी आरवत नव्हते, असं म्हनतेत. तवा या टेकडीच्या पोटातून मंगनीज निघे. काळा दगड, लोखंडावानी जड. बोगद्यात उजेडाले मातीचे दिवे असत. मोहाच्या बियांचं तेल, कापसाची वात. उजेड एवढुसा अन् धूर ढीगभर. मानूस बाहेर निंघाला का दोन दिवस काळं शिंकरे.

फागू सलामेचं काम एकच होतं. टोळी आत जायच्या आंधी त्यानं एकट्यानं जायचं, दिवा घेऊन. काहून, तं बोगद्यात जिथं वारा फिरत नाई तिथं हवा मरते. तिले वास नाई, रंग नाई. अन् जड असते, म्हून खालीच बसून राहते, डबक्यातल्या म्हशीवानी. मानूस तिच्यात शिरला का आंधी गुडघे मोडतेत, मंग डोकं फिरते, अन् मंग तो उठतच नाई. पन दिव्याले ते मानसाच्या आंधी समजते. फागू वाकून चाले, दिवा जमिनीपाशी धरे. वात लहान झाली का थांबे. इझली का मांगं फिरे. साजरी जळली का बाहेर येऊन म्हने, "चला."

वैशाखातल्या वावटळीत त्याची वात हालत नव्हती, पन मेलेल्या हवेपुढं लाजाळूच्या पानावानी मिटून जाये, असं म्हनतेत. तो दिव्याले इचारे, "येऊ काय?" अन् दिवा त्याले सांगे. अकरा वर्सं त्या बोगद्यात एक मानूस मेला नाई.

आता कवडूचं सांगतो. कवडू म्हनजे टोळीचा मेट, साऱ्या गड्यांवरचा मानूस. माह्या आज्याचा बाप. आपल्याच घरातला हाय, लपवत नाई.

एका साली साहेबानं नवीन दिवे आनले. कारबेटचे. पितळेचा डबा, दोन मजली. खालच्या मजल्यात कारबेटचे राखाडी खडे, वरच्या मजल्यात पानी. चावी जराशी फिरवली का पानी थेंब थेंब खड्यांवर पडे, खडे फसफसत, लसनासारखा वास सुटे, अन् पुढच्या बारीक तोंडातून गॅस निघे. त्याले काडी लावली का फट्‌! पांढराशुभ्र उजेड. मांगं चकचकीत ताटली, उजेड पुढं फेकायले. लोकायले वाटलं साहेबानं चंद्र कापून आनला.

खोटं काहून बोलू, दिवा चांगलाच होता. छताची भेग दूरून दिसे. दोनदा तरी दरड पडायच्या आंधी मानसं बाजूले झाले, त्या उजेडानं. डोळ्यांतलं पानी थांबलं. जळून उरलेला चुना बाया घरी नेत, त्यानं भिंती सारवत. सारं गाव पांढरं झालं.

पहिला दिवा भेटला कवडूले. त्याचं तं डोकंच फिरलं. दिवसा उन्हात दिवा पेटवून बजारात जाये. साळीच्या लग्नात नवरदेवापुढं तोच, दिवा घेऊन. बायको म्हनली, "दिव्याशीच लगीन लावा तुमी." तं हा हसला, पन दिवा उशाशी घेऊनच झोपला.

फागूनं काय केलं? तो दोन दिवे घेऊन गेला, एक आपला अन् एक कारबेटचा. बोगद्याच्या खालच्या अंगाले, जिथं हवा मरते तिथं. आपला इझला. कारबेटचा जळतच राहिला. फागू मांगं आला, अन् टोळीसमोर कवडूले म्हनला, "मेटभाऊ, हा दिवा पाहाले साजरा हाय. पन ह्याले हवा समजत नाई. मानूस पडन, तरी हा जळन. माहा दिवा पुढं राहू दे."

कवडू म्हनला, "म्हनजे माहा मर्द हाय, अन् तुहा फुक मारली का मरते, असंच ना?"

टोळी हसली. कवडूले ते हसनं गोड लागलं. मंग त्यानं एक गोष्ट केली. फागूच्या हातातल्या जळत्या दिव्यावर थुकला. चर्र झालं अन् दिवा इझला. म्हनला, "जाय बुढ्या, घरी चूल पेटव."

फागूनं वात धोतराच्या सोग्यानं पुसली अन् बाजूले झाला. पन दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आंधी तो बोगद्याच्या तोंडापाशी येऊन बसला, दिवा पेटवून. तिसऱ्या दिवशीबी. सारा पावसाळा तो तसाच बसला. टोळी जाता जाता म्हने, "काय बाबा, उजेड कमी पडून रायला काय?" कवडू खाली मान घालून जाये. त्याले थुकल्याचं आठवे. पन मेट मानसानं बुढ्याले हात कसे जोडाव, म्हून तो दिवसेंदिवस जास्तच कडक बोले.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, आजचाच दिवस. खालच्या जुन्या बोगद्यातलं पानी कंपनीनं पंपानं काढलं होतं. तिथं मंगनीजचा जाडजूड पट्टा होता. खाली उतरायले दगडात कोरलेल्या बावीस पायऱ्या. कवडूनं पाच जनायले सांगतलं, "उतरा." पाची जन कारबेटचे दिवे घेऊन उतरले. कवडूच्या दिव्याच्या तोंडात काजळी अडकली होती, म्हून तो वर बसून तारेनं तोंड साफ करत राहिला. त्या काजळीनंच तो वाचला.

दिवा पेटवून त्यानं खाली पाहलं. पाची दिवे जळत होते, ठनठनीत, पांढरे. आवाज देला. कोनी बोललं नाई. मंग त्याले दिसलं. दिवे जळत होते, अन् मानसं दिव्यांपाशी आडवे पडले होते. उजेड एवढा साजरा, का एकेकाचं तोंड वळखू येत होतं.

कवडू बाहेर पळाला. तोंडापाशी फागू बसलाच होता. फागूनं एवढंच इचारलं, "किती?"

"पाच."

फागू उठला. "पळसाच्या फांद्या तोडा, पान्याच्या बादल्या आना," म्हनला. गड्यांनी वरून पानी ओतलं, फांद्या हालवल्या, का खालची हवा ढवळाव. फागू एकेक पायरी दिवा खाली नेत गेला. दहाव्या पायरीवर वात मरायले लागली. त्यानं दिवा वरच्या बाजूले, नववीवर ठेवला. छातीत हवा भरली, अन् दिव्याच्या खाली उतरला. एकाले ओढत आनलं. दिव्यापाशी बसून दम घेतला. दुसऱ्याले आनलं. तिसऱ्याले. चौथ्याले. साठ वर्सांचा बुढा, पन त्याच्या अंगात त्या दिवशी टेकडीची ताकत आली होती, असं म्हनतेत. वर नेलेल्या त्या चौघांत जीव होता.

पाचव्याले आनायच्या आंधी फागूनं वर पाहलं. सारे गडी त्या चौघायले धरून बाहेर चालले होते. एकटा कवडू उभा होता. फागू म्हनला, "मेटभाऊ, पानी ओतनं थांबलं हाय, मेलेली हवा वर चढन. दिवा हातात धर, नवव्या पायरीवर. इझला तं मले आवाज दे. मी असन तिथून वर येईन. एवढंच कर."

कवडूनं एका हातात फागूचा दिवा धरला. दुसऱ्या हातात आपला कारबेटचा.

फागू उतरला. कवडू वातीकडं पाहत होता. वात बारीक झाली. मुगाएवढी. मंग मोहरीएवढी. अन् इझली.

आवाज द्यायचा होता. तीन शब्द. "फागू, वर ये." बस. पन कवडूची जीभ टाळूले चिकटली. त्याले फक्त एवढं समजत होतं, का दिवा इझला म्हनजे मेलेली हवा आता माह्या नाकापाशी हाय. दुसऱ्या हातातला दिवा तं जळतच होता, लखलख. कवडू पळाला. ओरडला नाई. पायऱ्या चढून उजेडात पळाला, हातात दोन दिवे, एक इझलेला अन् एक जळता.

दुसऱ्या दिवशी हवा निवळली तवा लोक उतरले. फागू पंधराव्या पायरीवर होता. तोंड वरच्या बाजूले. पाठीवर पाचवा गडी. दोघंबी गेलेले. असा मानूस भेकड असते काय?

फागूची बायको समारो आली. तिनं कवडूले इचारलं, "तू आवाज देला होता?"

"देला होता."

"मंग ते वर काहून आले नाई?"

कवडू म्हनला, "बुढा घाबरला. त्यानं आयकलंच नाई."

झालं. मेट होता, लोकायनं मानलं. घाबरला, घाबरला करता करता भेकड झाला. तुमचा वायरमन जे बोलते ना, ते आमच्या घरातून निंघालेलं हाय. म्हून राग येते. त्याचा येते त्याच्याहून आपला जास्त येते.

त्या दिवसापासून कवडूचा आवाज गेला. बोले, पन ओरडता येत नव्हतं. टोळीले हाक मारायले गेला तं घशातून नुसती हवा निघे. अन् दुसरं असं झालं, का तो जिथं जाये तिथं दिवे लहान होत. देवापुढं उभा राहिला का देवाचा दिवा मुगाएवढा, मंग मोहरीएवढा. लग्नात गेला का समया इझत. बायको म्हने, "तुमी भाईर बसा, देवाले दिवा लावू द्या." लेकीच्या लग्नात बाप मांडवाच्या भाईर, बैलापाशी बसला होता, असं म्हनतेत. फक्त त्याचा कारबेटचा दिवा त्याच्या पुढं जळे. तेवढाच. शेवटी त्यानं तो तलावात फेकला.

सात वर्सं गेली. सातव्या सालच्या तान्ह्या पोळ्याले सकाळी कवडू समारोच्या अंगनात गेला. ती तुळशीपुढं दिवा लावत होती. दिवा लहान झाला. तिनं मांगं पाहलंच नाई. म्हनली, "ये मेटभाऊ. लय दिवस लावले."

कवडू जमिनीवर बसला. पुसपुसला, "समारोबाई, म्या आवाज नाई देला."

"मले ठाऊक हाय."

"कसं?"

"माहा मानूस बहिरा नव्हता."

मंग ती उठली. म्हनली, "हे मले काहून सांगते, तेबी कानात? चुकलो म्हनायले सोपं हाय. चाल. ज्याले आवाज द्यायचा होता त्याले दे."

ती पुढं, कवडू मांगं, अन् मंग सारं गाव मांगं. फागूनं वाचवलेले चौघंबी होते. त्यायच्यासमोर कवडूनं सारं सांगतलं, थुकल्यापासून पळाल्यापर्यंत. कोनी थुकलं नाई त्याच्यावर. थुकलं असतं तं बरं वाटलं असतं, असं तो मरस्तोवर म्हने. मंग तो फागूचा दिवा पेटवून नवव्या पायरीवर उतरला. वात मुगाएवढी झाली, मोहरीएवढी झाली, अन् इझली. अन् कवडूचा गळा फुटला. "फागू, वर ये! दिवा इझला! वर ये!"

तो आवाज बोगद्यातून बाहेर नाई आला. तो गावातल्या साऱ्या इहिरीतून निंघाला. पानी भरनाऱ्या बायायच्या हातातले दोर थरथरले, असं म्हनतेत.

समारोनं त्याले माफ केलं असं मातर कोनीच म्हनत नाई. ती एवढंच म्हनली, "आता दरसाल दे."

खदान बंद झाली. कारबेट गेला, बॅटरीचे दिवे आले, कंपनीबी गेली. खालच्या पायऱ्या पान्यात हायेत. पन आजबी करंजटोल्यात कोनी इहीर उपसाले उतरला का आंधी दोरीनं मातीचा दिवा खाली जाते. त्याले फागू म्हनतेत. "फागू गेला काय खाली?" असंच इचारतेत. दोरी कवडूच्या घरचा मानूस धरते. दिवा इझला का वर उभे असतील तेवढे सारे ओरडतेत, ज्याले दिसलं तोबी अन् ज्याले नाई दिसलं तोबी. चूप राहायची मुभा कोनालेच नाई. अन् तान्ह्या पोळ्याले पोट्टे आपले लाकडाचे नंदी घेऊन इथं, या पायऱ्यांच्या तोंडाशी येतेत, अन् दिवा नवव्या पायरीवर जाते.

आता गेलाच हाय. पाहा, इझला. "फागू, वर ये! दिवा इझला!" घरचा म्हातारा म्हून पहिला आवाज म्या देला, घसा बसला तरी देला. आता तुमचा. हसू नोका. एकमेकाच्या तोंडाकडं पाहू नोका. लाज वाटते? कवडूलेबी तेवढाच टाइम होता.

उभे राहा. तोंड उघडा. द्या आवाज.