गाळलेली वाक्यं

"आणि यातलं टाकून काय दिलंस?"

प्रबंधाची पानं मिटत त्याचे मार्गदर्शक काळसेकर सर यांनी एवढंच विचारलं. निरंजनला प्रश्नच कळेना.

माणसं घरात रोज कशी बोलतात, एकाचं संपून दुसऱ्याचं कधी सुरू होतं, यावर तो प्रबंध लिहीत होता. त्यासाठी परक्यांची घरं कशाला, म्हणून लग्न झाल्यापासूनचा स्वतःच्याच घरातला संध्याकाळचा चहा त्याने रेकॉर्ड केला होता. बायकोला विचारून, अर्थात. नवी नवी बायको, नाही कशाला म्हणेल?

ती, मैथिली, आताही शेजारीच बसली होती. सरांना नमस्कार करायला म्हणून आली होती. तो करून झाला होता.

"टाकलं काहीच नाही, सर. जरा साफ केलं. अर्धवट वाक्यं, अडखळणं... कचरा नुसता. निष्कर्ष मात्र स्वच्छ आहे. आमच्या घरात कुणी कुणाचं बोलणं मध्येच तोडत नाही."

"कचरा आणलायस?"

"लॅपटॉपमध्ये आहे. पण त्यात ऐकण्यासारखं..."

"लाव."

निरंजन मनातल्या मनात हसला. म्हातारपण, दुसरं काय. त्याने गाळलेले तुकडे एकापाठोपाठ एक लावले.

'अरे, मी काय म्हणत होते...'

'निरंजन, ते नाशिकचं...'

'ऐक ना, शुक्रवारपर्यंत मला...'

'नाही, म्हणजे नाशिकला जर...'

संपेचनात. सगळा एकच आवाज. आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी त्याचा स्वतःचा श्वास, बोलायला घेतलेला.

निरंजनचा हात बटणावर गेला. दाबवेना.

सर मैथिलीकडे वळले. "काय सांगायचं होतं गं तुला?"

"तिला ना सर, नाशिकला तिच्या मावशीकडे..." निरंजन बोलून गेला, आणि स्वतःचाच आवाज कानावर पडताच त्याने तोंडावर हात ठेवला.

...

"नाशिकच्या एका हॉस्पिटलने मला नोकरीला बोलावलं होतं," मैथिली म्हणाली. "येते की नाही, ते शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं."

ती थांबली. मध्ये कुणी आलं नाही, याचं तिलाच नवल वाटलं असावं.

"शुक्रवार गेला."

शुक्रवारचा चहा निरंजनला चांगला आठवत होता. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग फार सुरेख आलं होतं.

"मैथिली, मी... म्हणजे मला..."

शब्द तोंडाशी येऊन परत जात होते. कॉलेजात वादविवादाचे करंडक जिंकलेला माणूस, पण एक वाक्य पुरं होईना. त्याने सरांकडे पाहिलं. कुणीतरी मध्ये बोलावं, एवढीच आशा.

मैथिली त्याच्याकडे बघत होती.

"सावकाश बोल," सर म्हणाले. "ती थांबलीय."