दोनशे किलो पेलणारी सायकल

आरोग्यसेविका अनुसयाला रोज डोंगरावरच्या वाड्यांवर जायचं होतं. म्हणून ती विकायला काढलेली जुनी गिअरची सायकल बघायला सायकल क्लबचे अध्यक्ष रणधीरराव भोईटे यांच्या बंगल्यावर आली. सायकलला धक्के झेलणारे शॉकअप फक्त पुढे होते, पण बाकी सगळं चकचकीत होतं. पण हँडलखाली, जिथे नळ्या जोडलेल्या असतात, नेमकं तिथेच एक नवंकोरं स्टिकर होतं. त्याच्याखाली तडा तर नसेल? अनुसयाची नजर तिथून हलेना.

"हे जरा काढून दाखवता?"

"माझ्यावर संशय?" रणधीरराव हसले. "बाई, तुम्ही सांगितलंत ते पंच्याण्णव किलो वजन म्हणजे काहीच नाही. ही दोनशे किलो सहज पेलते. माझा शब्द आहे."

"मग डबलसीट जाऊ," अनुसया शांतपणे म्हणाली. "तुम्ही पुढे नळीवर बसा, मी चालवते. समोरचा घाट उतरू. तुमचे सत्तर धरले, तरी पस्तीस किलो शिल्लक राहतात."

रणधीररावांनी आधी घाटाकडे बघितलं, मग स्टिकरकडे.

"उतार फार वाईट आहे हो," ते पुटपुटले.

अनुसयाने सायकल हळूच भिंतीला टेकवली.

"मला तो रोज उतरायचाय, साहेब," ती म्हणाली आणि पायीच निघाली.