डावा दात, उजवा दात

तालुक्याच्या एका गावी, भर बाजारपेठेत, दोन दुकानं अगदी समोरासमोर होती. एक सदोबा तांबटाचं, दुसरं नरहरी शेट्याचं. दोघेही व्हिडिओ गेमचे डबे विकायचे. आतले सुटे भाग शहरातून आणायचे, वरचं प्लॅस्टिकचं खोकं इथंच बनवायचं आणि खेळांच्या कॅसेटीही आपापल्या नावाच्या काढायच्या, असा दोघांचा धंदा. डबा टीव्हीला जोडायचा, वरच्या फटीत कॅसेट खुपसायची, की खेळ सुरू.

धंदा झकास चालला होता. तो कशामुळे चालला होता, हे मात्र दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि सगळी कटकट इथूनच सुरू होते. धंदा चालला होता पोरांच्या अदलाबदलीवर. सदोबाची कॅसेट नरहरीच्या डब्यात बसायची, नरहरीची सदोबाच्या. एका घरी मोटारींची शर्यत, दुसऱ्या घरी विमानांची लढाई. शाळा सुटली की पोरं कॅसेटी बदलून घ्यायची. ज्या घरी डबा नसेल, त्या घरचं पोर आईबापाचं डोकं खाऊन डबा घ्यायला लावायचं.

एक दिवस सदोबाने पाहिलं, आपल्याकडून डबा घेतलेलं गिऱ्हाईक समोर जाऊन नरहरीकडची कॅसेट घेतंय. झालं, त्याचं पित्त खवळलं. "डबा माझा आणि कमाई त्याची?" त्याने आपल्या नव्या डब्यांच्या फटीत डाव्या अंगाला एक दात बसवला आणि आपल्या कॅसेटींना तिथंच खाच पाडली. आता नरहरीची कॅसेट आत जाईना. नरहरी तरी गप्प बसतोय होय? त्याने उजव्या अंगाला दात बसवला. आता सदोबाचीही कॅसेट तिकडे जाईना. दोघांनाही आपण फार हुशारी केली असं वाटलं.

जुने बिनदाताचे डबे एकेक करत बिघडले आणि अदलाबदल बंद पडली. हातातल्या दोन कॅसेटी खेळून खेळून पोरं कंटाळली. डबे कपाटावर गेले. ज्या घरी डबा नव्हता, तिथं आता तो मागणारंही कुणी उरलं नाही. दोन्हीकडची विक्री घसरू लागली.

विक्री घसरली तर माणसाने घटकाभर बसून विचार करावा की नाही? छे! सदोबाने डब्याला लाल दिवा लावला. नरहरीने दोन लावले. सदोबाने कॅसेटीवर 'हजार खेळ' असं छापलं. आत तेच वीस-पंचवीस खेळ होते, नावं बदलून. नरहरीने 'दहा हजार' छापलं. दोघेही दिवसभर गल्ल्यावर बसून समोरच्या दुकानावर डोळा ठेवायचे. तिथं कुणी गिऱ्हाईक नाही असं दिसलं की दोघांनाही बरं वाटायचं. आपल्याकडेही कुणी नाही, तिकडे मात्र लक्ष जायचं नाही.

सदोबाची बायको शालन दुकानाचा माल बघायची. तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "अहो, या दिवाळीत माल हलला नाही तर दुकानाला कुलूप लागेल. मग माझ्या भावाच्या गोदामात पोती मोजायला जावं लागेल तुम्हाला. जाल?"

हे दुकान सदोबाने स्वतःच्या हाताने उभं केलं होतं. ते सोडून मेव्हण्याच्या हाताखाली राबायचं? त्यापेक्षा काहीही परवडलं.

"मग तो दात काढून टाका," शालन म्हणाली. "समोर जा आणि नरहरीभाऊंनाही काढायला सांगा. रस्ता ओलांडायचाय, दुसरं काय आहे त्यात?"

"मी जाऊ? दात काढला तर अख्खी पेठ म्हणेल, सदोबाने हात टेकले."

"पेठेला दुसरे उद्योग आहेत हो!"

पण सदोबाच्या डोक्यात वेगळंच शिजत होतं. दात काढायचा नाही, तो उजवीकडे न्यायचा! म्हणजे नरहरीच्या कॅसेटी आपल्या नव्या डब्यात बसतील, आपल्या नव्या कॅसेटी नरहरीच्या डब्यात बसतील, आणि नरहरीचं सगळं गिऱ्हाईक आपसूक इकडे येईल.

"आणि आपलं जुनं गिऱ्हाईक?" शालनने विचारलं.

"ते कुठं जातंय? ते घेईल की नवा डबा."

शालनने कपाळावर हात मारला. दुसरं ती करणार तरी काय? सदोबाने दिवाळीसाठी सगळाच्या सगळा माल उजव्या दाताचा काढला.

दिवाळी आली. वसुबारसेला दुकान उघडलं आणि सदोबाला आपल्या डोळ्यांवर विश्वास बसेना. दारात ही गर्दी! कितीतरी दिवसांनी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. "बघितलंस?" असं त्याने शालनला खुणावलंसुद्धा. मग त्याचं लक्ष गेलं, की आलेल्या प्रत्येकाच्या हातात डबा आहे.

सगळ्यांच्या पुढे दाभाडे मास्तर होते. "सदोबा, पोरीसाठी काल तुमची नवी कॅसेट नेली. ती तुमच्याच डब्यात जात नाही."

"मास्तर, आता दात उजवीकडे आहे. नवा डबा घ्या."

"हा मागच्या दिवाळीला घेतला. तुमच्याकडूनच."

"तो जुना झाला. आणि नव्या डब्यात नरहरीच्याही कॅसेटी चालतील बघा!"

मास्तरांनी पिशवीतून आणखी एक कॅसेट काढून काउंटरवर ठेवली. "ही नरहरीची नवी कॅसेट. बसवून दाखवा."

सदोबाने ती नव्या डब्यात घातली. जाईना. उलटीसुलटी करून पाहिली, जोर लावून पाहिला. मग त्याने ती उजेडात धरली. खाच डावीकडे होती.

त्याने समोर पाहिलं. नरहरीच्या दारातही तेवढीच गर्दी होती आणि तिथंही प्रत्येकाच्या हातात डबा होता. जे सदोबाने योजलं, नेमकं तेच नरहरीनेही योजलं होतं. आता दोघांचीही नवी कॅसेट ना समोरच्याच्या नव्या डब्यात बसत होती, ना स्वतःच्याच जुन्या गिऱ्हाइकाच्या डब्यात!

या घोळात कुणी काहीच घेईना आणि सगळा माल तसाच पडून राहिला. तुळशीच्या लग्नाआधीच सदोबाने दुकान आवरायला घेतलं. समोर नरहरीही फळीवरची खोकी उतरवत होता. आता कुठं सदोबा रस्ता ओलांडून गेला.

"दात डावीकडे नेणार होतास, तर सांगायचंस तरी मला," तो म्हणाला.

"तू विचारायचं होतंस," नरहरी म्हणाला.

बाहेर रस्त्यावर कसलातरी दंगा चालला होता, म्हणून दोघे पायरीवर आले. पेठेतली सगळी पोरं जमली होती, सदोबाच्या गिऱ्हाइकांची आणि नरहरीच्याही. निकामी झालेल्या कॅसेटी एकावर एक रचून त्यांनी लगोरी मांडली होती. चेंडू लागून ढीग कोसळला. दाभाडे मास्तरांची पोरगी धावत आली आणि हाताला येईल ती कॅसेट भराभर रचू लागली. डाव्या खाचेवर उजवी, उजवीवर डावी. सगळ्या बसत होत्या.

दुसऱ्या दिवशी सदोबा मेव्हण्याच्या गोदामात कामाला लागला.

तात्पर्य, आणि हे प्रत्येक दुकानदाराने गल्ल्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावं: ज्याची नजर सतत समोरच्या दुकानावर असते, त्याला आपल्या दारातून परत गेलेलं गिऱ्हाईक दिसत नाही, आणि खेळ हा खेळणाऱ्यांनी एकत्र येण्यासाठी असतो, त्यांची वाटणी करणाऱ्याच्या वाट्याला शेवटी कुणीच येत नाही.