पहिल्याच दिवशी

टपाल घोड्यावरून जायचं, त्या काळची गोष्ट. एका पागेत नवंकोरं जरीचं खोगीर खुंटीवर ताटकळत होतं. खाली घोडी शिकवणारा हैबती रोज शिंगराच्या पाठीवर नुसती फाटकी घोंगडी टाकायचा. शिंगरू ती झटकून तुडवायचं. हैबती ती उचलून पुन्हा टाकायचा.

"वर्ष गेलं गं तुझं लाथा खाण्यात! मला एकदा बसू दे, मग बघ," खोगीर खिजवायचं.

"अजून पाठ थरथरतेय रे त्याची," घोंगडी म्हणायची.

दसऱ्याच्या सुमारास ती थरथर थांबली, तेव्हा हैबतीनं खोगीर चढवलं. शिंगरानं कानही हलवला नाही.

"बघितलंस? पहिल्याच दिवशी सरळ केलं त्याला!" खोगीर ओरडलं.

घोंगडीला ते ऐकू गेलं नाही. ती पलीकडे, नव्या शिंगराच्या पायाखाली होती.